झारचा चौक, नागरिकांचा चौक

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे दक्षिण बंदरावरच्या बाजारातून एक अरुंद गल्ली ओलांडून आत गेले की दगडी फरसबंदीचा एक विस्तीर्ण चौक समोर येतो. त्याच्या उत्तर बाजूला रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर पांढरे चर्च उभे आहे, पूर्वेला देशाच्या मंत्रिमंडळाची इमारत आहे, पश्चिमेला विद्यापीठ आहे आणि दक्षिणेला, ट्रामच्या रुळांपलीकडे, जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांची रांग आहे. सेनाटिन्तोरी, म्हणजेच सेनेट चौक, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेहून जुने, मोठे आणि श्रीमंत चौक युरोपात पुष्कळ सापडतील. परंतु एका राजवटीने ठरवून, मुख्यतः एकाच वास्तुरचनाकाराच्या आराखड्यांनुसार, तीन-चार दशकांच्या अवधीत उभारलेला आणि नंतरच्या काळात साम्राज्याचा अस्त, यादवी आणि हवाई हल्ले सोसूनही आपले मूळ रूप टिकवून राहिलेला असा चौक विरळाच.

वास्तुकलेच्या इतिहासात सेनेट चौकाची नोंद बहुधा या एकसंधपणासाठी घेतली जाते आणि ती रास्तच आहे. तथापि केवळ सुबक मांडणी हे एखाद्या जागेवर विस्ताराने लिहिण्याचे पुरेसे कारण ठरत नाही. या चौकाचे खरे महत्त्व असे की रशियन साम्राज्याने नव्याने ताब्यात आलेल्या प्रजेला आपल्या राज्यव्यवस्थेची शिस्त आणि भव्यता डोळ्यांनी दिसावी म्हणून तो बांधला, आणि त्या प्रजेने तीन पिढ्यांनंतर त्याच व्यवस्थेतले कायद्याचे आश्वासन प्रमाण मानून, त्याच चौकात उभे राहून साम्राज्याला जाब विचारला. ज्या अर्थाने तो बांधला गेला त्याच्या नेमका उलट अर्थ त्याला एकही खांब न हलवता प्राप्त झाला. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी चौकाच्या आधीच्या हेलसिंकीपासून सुरुवात करणे आवश्यक आहे.

सुमारे सहाशे वर्षे फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा पूर्वेकडचा भाग होता आणि त्याचे प्रमुख शहर पश्चिम किनाऱ्यावरचे तुर्कू हे होते. हेलसिंकी हे त्या मानाने लाकडी घरांचे एक किरकोळ बंदर. त्याला थोडेफार महत्त्व आले ते १७४८ पासून समोरच्या बेटांवर बांधल्या जाऊ लागलेल्या स्वेआबोर्ग या सागरी किल्ल्यामुळे, कारण किल्ल्याला लागणारे लाकूड, धान्य आणि इतर सामान पुरवणारे व्यापारी या गावात सधन झाले. आजच्या चौकाच्या दक्षिण बाजूला १७५७ साली बांधलेले सेडरहोल्म या व्यापाऱ्याचे दगडी घर उभे आहे. ते मध्य हेलसिंकीतील सर्वांत जुनी इमारत मानले जाते आणि स्वीडिश काळातल्या गावाचे मोजमाप आज जर कशावरून घेता येत असेल तर ते याच घरावरून. त्याच्यासमोर, आताच्या चौकाच्या जागेवर, उल्रिका एलेओनोरा नावाचे लाकडी चर्च आणि त्याभोवतीची दफनभूमी होती.

१८०८ साली रशियाने फिनलंडवर स्वारी केली, किल्ला शरण आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लागलेल्या आगीत हेलसिंकीचा मोठा भाग जळून गेला. पुढच्या वर्षी स्वीडनने फिनलंडवरचा हक्क सोडला. झार अलेक्झांडर पहिला याने मात्र या प्रदेशाचे रूपांतर साध्या रशियन प्रांतात न करता त्याला ‘ग्रँड डची’चा दर्जा दिला, म्हणजे झार स्वतः ग्रँड ड्यूक या नात्याने त्याचा प्रमुख राहील, परंतु स्वीडिश काळापासून चालत आलेले कायदे, लुथरन धर्मपंथ आणि स्थानिक प्रशासन कायम राहील अशी व्यवस्था केली. हे आश्वासन त्याने १८०९ मध्ये पोर्वो येथे भरलेल्या डाएटपुढे दिले. डाएट म्हणजे सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी या चार वर्गांच्या प्रतिनिधींची सभा. पोर्वोचे हे आश्वासन पुढच्या शंभर वर्षांच्या फिनिश राजकारणाचा पाया ठरले, आणि सेनेट चौकाच्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

नव्या सत्तेला तुर्कू सोयीचे नव्हते. ते स्वीडनच्या फार जवळ होते आणि तिथल्या वरिष्ठ वर्गाची नजर अजून स्टॉकहोमकडे लागलेली होती. उलट हेलसिंकी सेंट पीटर्सबर्गच्या अधिक जवळ होते, त्याच्या मुखाशी बळकट किल्ला होता आणि जळून गेल्यामुळे तिथे नवी आखणी करायला जागा मोकळी होती. १८१२ साली झारने हेलसिंकीला राजधानी घोषित केले तेव्हा त्याची वस्ती जेमतेम चार हजार होती. राजधानी म्हणावे असे त्या गावात काहीही नव्हते, ते सारे नव्याने बांधायचे होते.

पुनर्रचनेचे काम ज्याच्याकडे आले तो योहान आल्ब्रेख्त एहरेनस्ट्रम हा हेलसिंकीतच जन्मलेला माणूस. स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याच्या दरबारात त्याने नोकरी केली होती, राजाच्या खुनानंतरच्या कारस्थानांत त्याला देहान्ताची शिक्षा झाली होती आणि वधस्तंभापाशी नेल्यावर ऐनवेळी ती माफ करण्यात आली होती. स्टॉकहोमची दरबारी अभिरुची आणि सत्तेच्या लहरींचा असा जीवघेणा अनुभव या दोन्ही गोष्टी घेऊन हा वृद्धत्वाकडे झुकलेला माणूस आपल्या जळालेल्या जन्मगावी परतला आणि त्याने सरळ, रुंद रस्त्यांच्या नव्या नगराचा आराखडा मांडला. त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी चौक होता. एहरेनस्ट्रमचे नाव चौक पाहायला येणाऱ्यांच्या कानावर क्वचितच पडते, कारण इमारतींचे श्रेय वास्तुरचनाकाराला मिळते आणि मोकळ्या जागेचे श्रेय कोणालाच मिळत नाही. वस्तुतः चौक किती रुंद असावा, चर्च कोणत्या खडकावर चढवावे आणि कोणता रस्ता कुठे संपावा हे ठरवणाऱ्याचा वाटा इमारती उभारणाऱ्याहून कमी मानण्याचे कारण नाही.

त्या इमारती उभारणारा कार्ल लुडविग एंगेल १७७८ साली बर्लिनमध्ये, गवंडीकाम करणाऱ्या घराण्यात जन्मला. तिथल्या बांधकाम अकादमीत त्याचे शिक्षण झाले; पुढे प्रशियाचा सर्वांत मोठा वास्तुरचनाकार म्हणून गाजलेला कार्ल फ्रीडरिख शिंकेल हा त्याचा समकालीन. नेपोलियनने प्रशियाचा पराभव केल्यानंतर बर्लिनमधली बांधकामे थंडावली, आणि कामाच्या शोधात एंगेल प्रथम आजच्या एस्टोनियातील टालिन येथे, तिथून तुर्कूला आणि नंतर सेंट पीटर्सबर्गला गेला. १८१६ साली एहरेनस्ट्रमने त्याला हेलसिंकीच्या पुनर्रचना समितीचा वास्तुरचनाकार म्हणून आणले. थोडी वर्षे काम करून मायदेशी परतावे असा विचार करणारा हा जर्मन माणूस १८४० मध्ये हेलसिंकीतच वारला, तेव्हा त्याच्या हातून एका अख्ख्या राजधानीचा चेहरा घडलेला होता आणि त्यातील सर्वांत मोठी इमारत अपुरी होती.

एंगेलने वापरलेल्या शैलीला नवअभिजात शैली म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या वास्तूंचा नव्याने, मोजमापे घेऊन अभ्यास सुरू झाला, आणि त्याआधीच्या बरोक शैलीतील वळणे, फुगीर आकार व भरगच्च नक्षी बाजूला सारून सरळ रेषा, प्रमाणबद्ध खांब आणि मोकळ्या भिंती यांकडे बांधणारे वळले. या शैलीचा कणा म्हणजे स्तंभांचे तीन प्रकार. डोरिक स्तंभ जाड, साधा आणि माथ्याशी जवळजवळ निरलंकृत असतो. आयोनिक स्तंभ त्याहून सडपातळ असून त्याच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणे असतात. कोरिंथियन स्तंभाच्या माथ्यावर पानांचा गुच्छ कोरलेला असतो आणि तो तिघांत सर्वांत नटलेला समजला जातो. स्तंभांच्या रांगेवर आडवी पट्टी आणि तिच्यावर त्रिकोणी शिरोभाग, ज्याला पेडिमेंट म्हणतात, असा जो दर्शनी भाग तयार होतो तो पोर्टिको किंवा स्तंभमंडप. मराठी वाचकाला ही शैली अनोळखी नाही. मुंबईच्या फोर्ट भागात १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल, ज्यात आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, त्याच दशकांतला आणि त्याच घराण्यातला आहे. त्याच्या रुंद पायऱ्या चढताना समोर येणारे भक्कम खाचदार खांब डोरिक आहेत. दोन वेगळ्या साम्राज्यांनी, एकाने अरबी समुद्रावर आणि दुसऱ्याने बाल्टिकवर, एकाच वेळी आपली सत्ता याच स्तंभांच्या आधाराने उभी करावी हा योगायोग नव्हे. ग्रीस आणि रोम यांचा वारसा सांगणे म्हणजे कायदा, विद्या आणि चिरस्थायित्व यांचा वारसा सांगणे, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची धारणा होती.

सेनेट चौकात स्तंभांचे हे प्रकार केवळ शोभेसाठी आलेले नाहीत, त्यांना क्रम आहे. पूर्वेकडची सेनेटची इमारत, जिचा मुख्य भाग १८२२ मध्ये पूर्ण झाला, ही झारच्या नावाने राज्यकारभार चालवणाऱ्या फिनिश मंडळाची कचेरी, म्हणून तिच्या दर्शनी भागावर कोरिंथियन स्तंभ आहेत. पश्चिमेकडची विद्यापीठाची इमारत तिच्यासमोर आरशातल्या प्रतिबिंबासारखी उभी असली, तरी तिचे स्तंभ आयोनिक आहेत, म्हणजे एक पायरी खालचे. हे विद्यापीठ मुळात तुर्कूचे. १८२७ मध्ये तुर्कूला भीषण आग लागली आणि पुढच्या वर्षी विद्यापीठ राजधानीत हलवण्यात आले, १८३२ मध्ये त्याची इमारत उभी राहिली. विद्येला राज्यसत्तेच्या समोर, तिच्याच उंचीची, परंतु दागिन्याने किंचित उणी अशी जागा देण्यातला हिशेब सूक्ष्म आहे आणि तो चौकात उभे राहून दोन्हीकडे आळीपाळीने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. उत्तरेकडच्या चर्चला पुन्हा कोरिंथियन स्तंभ मिळाले आणि वर उंचीही मिळाली. राज्य, विद्या आणि धर्म यांची मांडणी अशी तीन बाजूंनी झाली. चौथी, दक्षिणेची बाजू व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांना राहिली, आणि त्यांतल्या काहींच्या दर्शनी भागांवरही एंगेलने हात फिरवून त्यांना नव्या चौकाच्या पंक्तीत बसवले.

सारा चौक पाहताना ज्या इमारतीकडे नजर अखेर जाते त्या चर्चची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. जुने लाकडी चर्च १८२७ मध्ये पाडण्यात आले. त्याआधी, नवे चर्च उभे राहीपर्यंतची सोय म्हणून, एंगेलने काही अंतरावर एक साधे लाकडी चर्च बांधले होते आणि जुन्या चर्चमधले सामान तिकडे नेण्यात आले. तात्पुरते म्हणून बांधलेले ते चर्च आज ‘जुने चर्च’ या नावाने वापरात आहे आणि चौकाच्या भव्यतेनंतर एंगेलचा संयम पाहायचा असेल तर तिथे अवश्य जावे. नव्या चर्चचे बांधकाम १८३० मध्ये सुरू झाले आणि १८५२ च्या फेब्रुवारीत त्याचे समर्पण झाले. त्याला संत निकोलसचे नाव देण्यात आले, कारण त्या वेळी सत्तेवर असलेला झार निकोलस पहिला होता. संताचा आणि सम्राटाचा मान एकाच नावात राखला गेला.

चर्चचा तलविन्यास ग्रीक क्रूसाचा आहे, म्हणजे चारही भुजा समान लांबीच्या. लांबट रोमन पद्धतीच्या चर्चला एक मुख्य दर्शनी बाजू आणि एक पाठ असते. इथे चारही दिशांना स्तंभमंडप आणि त्रिकोणी शिरोभाग असल्यामुळे इमारतीला पाठ अशी नाहीच, आणि समुद्रावरून, विद्यापीठाकडून किंवा मागच्या रस्त्याने येणाऱ्यालाही ती तोंड देऊनच उभी असते. मध्यभागी उंच वर्तुळाकार पायथ्यावर हिरवा घुमट आहे, त्यावर सोनेरी तारे आहेत आणि इमारतीची उंची ६२ मीटर आहे. बांधकाम विटांचे असून त्यावर गिलावा आहे. संगमरवर वाटावा असा तो शुभ्रपणा रंगाचा आहे आणि बाल्टिकच्या दमट, गोठवणाऱ्या हवेत तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. याला दोष मानू नये. एका छोट्या, गरीब देशाने आपली भव्यता विटा, चुना आणि प्रमाण यांच्या बळावर साधली यातच एंगेलच्या कौशल्याची परीक्षा होती.

आज दिसणारे चर्च मात्र पूर्णपणे एंगेलचे नाही, आणि अभ्यासकाने हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. त्याच्या आराखड्यात मध्यावर एकच मोठा घुमट होता आणि चर्चच्या पायथ्याशी, चौकाच्या उत्तर कडेला, स्तंभांनी सजवलेली पहारेकऱ्यांची एक आडवी इमारत होती. ती इमारत निकोलसच्या काळात पाडण्यात आली आणि तिच्या जागी आजच्या प्रचंड पायऱ्या आल्या. एंगेलच्या मृत्यूनंतर त्याचा उत्तराधिकारी एर्न्स्ट लोरमान याने मुख्य घुमटाभोवती चार लहान घुमट चढवले, दोन्ही बाजूंना दोन सुटे मंडप बांधले, ज्यांतल्या एकात घंटा आहेत, आणि छताच्या कडांवर बारा प्रेषितांचे, म्हणजे ख्रिस्ताच्या मुख्य शिष्यांचे, जस्ताचे पुतळे उभे केले. पाच घुमटांची रचना रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेतली आहे. त्याच काळात सेंट पीटर्सबर्गमध्ये उभे राहत असलेले संत आयझॅकचे विशाल चर्चही तसेच आहे. परिणामी आत लुथरन उपासना चालणाऱ्या वास्तूला दुरून रशियन छायाकृती मिळाली. एंगेलचा एकाकी घुमट अधिक शुद्ध होता असे म्हणणाऱ्यांची बाजू बळकट आहे, कारण चार छोट्या घुमटांनी मधल्या घुमटाची झेप थोडी अडवली आहे. तरीही पायऱ्यांबाबत निराळा निर्वाळा द्यावा लागतो: पहारेकऱ्यांची इमारत राहिली असती तर चर्च आणि लोक यांच्यामध्ये बंदूकधारी शिपाई उभा राहिला असता, पायऱ्यांनी तिथे हजारो माणसांना बसायला आणि उभे राहायला जागा करून दिली. ज्या सम्राटाने हा बदल करवला त्याच्या मनात हे खचितच नव्हते.

आत शिरल्यावर, विशेषतः भारतीय मंदिरांच्या किंवा गोव्यातील कॅथलिक चर्चच्या समृद्ध अंतर्भागाची सवय असलेल्या माणसाला, पहिला अनुभव रितेपणाचा येतो. भिंती पांढऱ्या, खिडक्यांना रंगीत काच नाही, चित्र म्हटले तर निकोलस पहिल्याने दिलेले वेदीवरचे एकच ठळक चित्र. लुथरन पंथाची भूमिका समजल्याखेरीज हा साधेपणा कळत नाही. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने जर्मनीत सुरू केलेल्या सुधारणेने धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत वाचला जावा आणि उपासनेच्या केंद्रस्थानी प्रवचन असावे असा आग्रह धरला, त्यामुळे लुथरन चर्चमध्ये पाहण्याहून ऐकण्याला महत्त्व आले. हेलसिंकीच्या चर्चमध्ये घुमटाखालच्या मोठ्या खांबांजवळ तीन पुतळे आहेत: एक लूथरचा, दुसरा त्याचा सहकारी विद्वान फिलिप मेलांख्तोन याचा आणि तिसरा मिकाएल आग्रिकोला याचा. आग्रिकोला हा लूथरच्याच विद्यापीठात शिकून आलेला फिनिश धर्मगुरू. त्याने १५४३ च्या सुमारास फिनिश भाषेतील पहिले छापील पुस्तक, मुलांसाठीची अक्षरओळख, प्रसिद्ध केले आणि १५४८ मध्ये बायबलच्या नव्या कराराचे भाषांतर छापले. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण स्वीडिशमध्ये चालत असलेल्या देशात, रशियन सम्राटाचे नाव दिलेल्या चर्चमध्ये, शेतकऱ्यांच्या भाषेला लेखी रूप देणारा माणूस धर्मसुधारकांच्या पंक्तीला उभा केला जावा ही गोष्ट लहान नाही.

चौकाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या पुतळ्यापाशी वास्तूंचा इतिहास राजकीय इतिहासात मिसळतो. झार अलेक्झांडर दुसरा याने १८६३ साली, पोर्वोनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, डाएटची सभा पुन्हा बोलावली, फिनिश भाषेला शासनव्यवहारात स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा हुकूम काढला, आणि त्याच्याच कारकिर्दीत फिनलंडला स्वतःचे चलन मिळाले. १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बॉम्बहल्ल्यात त्याचा वध झाला. त्याच्या स्मारकासाठी फिनिश शिल्पकार वॉल्टर रुनेबर्गने घडवलेला ब्राँझचा पुतळा १८९४ मध्ये चौकात बसवण्यात आला. झार इथे घोड्यावर किंवा राजमुकुटात नाही, तो फिनिश गार्ड पलटणीच्या अधिकाऱ्याच्या गणवेषात, डाएटपुढे बोलत असल्याच्या मुद्रेत उभा आहे; आणि खालच्या चौथऱ्यावर चार शिल्पसमूह आहेत, त्यांची नावे लॅटिनमध्ये लेक्स, लुक्स, लाबोर आणि पाक्स, अर्थात कायदा, प्रकाश, श्रम आणि शांती. ‘कायदा’ या समूहात एक स्त्री हातात ढाल घेऊन उभी आहे आणि तिच्याजवळ सिंह आहे. सिंह हे फिनलंडच्या राजचिन्हातले प्राणीचिन्ह. ज्याला चौकाचा अर्थ थोडक्यात हवा असेल त्याने घुमटाकडे मान वर करून पाहण्याआधी या स्त्रीपाशी थोडा वेळ थांबावे.

पुतळा बसल्यानंतर पाचच वर्षांनी, १८९९ च्या फेब्रुवारीत, झार निकोलस दुसरा याने जाहीरनामा काढून फिनलंडच्या कायद्यांवर साम्राज्याच्या कायद्यांचे वर्चस्व लादले. फिनिश लोकांच्या दृष्टीने हा पोर्वोच्या वचनाचा भंग होता. त्यांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी अलेक्झांडर दुसऱ्याच्या पुतळ्यापाशी फुले आणून ठेवायला सुरुवात केली, आणि त्याच्या स्मृतिदिनी, मार्चमध्ये, पुतळ्याचा पायथा फुलांनी झाकून गेला. सत्तेवरच्या सम्राटाविरुद्धचा निषेध त्याच्याच आजोबांना आदरांजली वाहून व्यक्त करणाऱ्या माणसांना कोणत्या कलमाखाली अटक करायची, हा प्रश्न पोलिसांपुढे उभा राहिला असणार. त्याच दिवसांत कडाक्याच्या थंडीत खेडोपाडी फिरून दोनेक आठवड्यांत पाच लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज तयार झाला. तो घेऊन शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले, पण निकोलसने त्यांची भेट नाकारली.

यानंतर चौकात फुलांचे दिवस राहिले नाहीत. फिनिश तरुणांना रशियन सैन्यात भरती करण्याच्या कायद्याविरुद्ध १९०२ च्या एप्रिलमध्ये लोक इथे जमले तेव्हा घोड्यावरच्या कोसॅक शिपायांनी त्यांना चाबकांनी पांगवले. १९०४ च्या जूनमध्ये सेनेटच्या इमारतीत, जिन्यावर, ऑयगेन शाउमान या तरुण कर्मचाऱ्याने रशियन गव्हर्नर जनरल निकोलाय बोब्रिकोव याच्यावर गोळ्या झाडल्या आणि तिथेच स्वतःलाही संपवले. बोब्रिकोव दुसऱ्या दिवशी मरण पावला. डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच देश यादवीत लोटला गेला आणि १९१८ च्या त्या यादवीने, रणांगणावर, सूड म्हणून दिलेल्या देहान्तांत आणि छावण्यांतील भूक व रोगराईत मिळून, ३५ हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. मे महिन्यात विजयी पक्षाचा सेनापती मान्नरहाइम आपल्या सैन्यासह हेलसिंकीत आला, आणि त्या विजयसंचलनाचा केंद्रबिंदू हाच चौक होता. या चौकाच्या गौरवशाली वर्णनांत पराभूत पक्षाची, म्हणजे कामगार आणि कुळांची, बाजू अनेकदा गळते. त्यांच्या दृष्टीने मे १९१८ मध्ये हा चौक पुन्हा विजेत्यांचा झाला होता, आणि तो खऱ्या अर्थाने सर्वांचा होण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

स्वातंत्र्यानंतर रशियन सम्राटाचा पुतळा राजधानीच्या मध्यभागी ठेवावा की नाही हा वाद झाला, पुढे सोव्हिएत संघाशी दोन युद्धे झाली, १९४४ च्या फेब्रुवारीतील बॉम्बहल्ल्यात विद्यापीठाच्या इमारतीचे मोठे नुकसान झाले. पुतळा मात्र जागेवरच राहिला. संत निकोलसचे चर्च आता साधे ‘मोठे चर्च’ झाले, आणि १९५९ मध्ये हेलसिंकीचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाल्यावर त्याला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. सेनेटच्या इमारतीत आज स्वतंत्र देशाचे मंत्रिमंडळ बसते. दरवर्षी ६ डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, विद्यार्थी हिएतानिएमी दफनभूमीपासून मशाली घेऊन निघतात आणि या चौकात येऊन थांबतात. आठवड्याभराने, १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या सणासाठी निवडलेली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून चर्चच्या त्याच पायऱ्या उतरते. दुपारी तीन-साडेतीनलाच अंधारणाऱ्या त्या महिन्यात या दोन्ही प्रसंगांना गर्दी का लोटते हे निराळे सांगायला नको.

उत्तर युरोपच्या धावत्या सहलींत या चौकाच्या वाट्याला बहुधा छायाचित्रापुरता वेळ येतो, बस थांबते, पायऱ्यांवर समूहाचे चित्र निघते आणि मंडळी पुढच्या ठिकाणी रवाना होतात. ज्याला सवड असेल त्याने बंदराच्या बाजूने, सोफियानकातू या छोट्या रस्त्याने चौकात शिरावे, कारण अरुंद रस्त्याच्या तोंडाशी चर्च एकदम पूर्ण उंचीने समोर येते आणि एहरेनस्ट्रमच्या आखणीचे मर्म उमगते. पायऱ्या चढून गेल्यावर लगेच आत न जाता मागे वळावे. तिथून जुन्या घरांच्या छपरांपलीकडे समुद्राची जाणीव होते आणि पूर्वेला खडकावर १८६८ साली पूर्ण झालेले लाल विटांचे उस्पेन्स्की हे ऑर्थोडॉक्स चर्च दिसते. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत तिरपा प्रकाश खांबांच्या रांगांवर टिकून राहतो, तेव्हा स्तंभ आणि भिंत यांच्यामधल्या सावलीचे काम नीट दिसते. नवअभिजात इमारती थंड आणि निर्जीव असतात हा जो समज आहे तो बराचसा भर दुपारच्या छायाचित्रांनी पसरवलेला आहे.

चर्चच्या पश्चिमेला, रस्त्यापलीकडे, एंगेलने रेखलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झालेली ग्रंथालयाची इमारत आहे, आज तेच फिनलंडचे राष्ट्रीय ग्रंथालय. चौकात गेलेले बहुतेक लोक तिथे शिरत नाहीत, हे त्यांचे नुकसान, कारण एंगेलची सर्वांत सुंदर अंतर्गत रचना चर्चमध्ये नसून या घुमटाखालच्या दालनांत आहे. १८२८ पासून १९१७ पर्यंत रशियन साम्राज्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकाशनाची प्रत कायद्याने या ग्रंथालयाला मिळत असे, त्यामुळे एका लुथरन, फिनिश-स्वीडिश शहरात रशियन पुस्तकांचा फार मोठा संग्रह साठला. शीतयुद्धाच्या दशकांत सोव्हिएत संघात काम करणे पाश्चात्त्य अभ्यासकांना कठीण होते, म्हणून रशियन इतिहासाचे अनेक अभ्यासक या ग्रंथालयात येऊन काम करत. आणि त्याच कारणाने १९८०च्या सुमारास ‘रेड्स’ आणि ‘गोर्की पार्क’ या चित्रपटांचे निर्माते रशियातली दृश्ये चित्रित करण्यासाठी कॅमेरे घेऊन बाहेरच्या रस्त्यांवर आणि चौकात उतरले होते.